पहिल्या गायीचा मान

आमच्या घरात ‘गावठी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. ताटात जाड उकडा भात आला की आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणत, “हा गावठी प्रकार अजून किती दिवस चालायचा?” मी नाक्यावरून केस कापून आलो की गावठी दिसायचो. आईचं बोलणं गावठी, तिच्या माहेरची माणसं गावठी, परड्यातल्या कोंबड्या गावठी, आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे आमची गुरं. ती कोकणातली बुटकी, तांबूस-काळपट गुरं कातळावर जे उगवेल ते खायची, पावसात चिखलात नांगर ओढायची आणि दूध म्हणाल तर सकाळच्या चहापुरतं द्यायची. आण्णा त्यांना गुरं म्हणत नसत, शेळ्या म्हणत. त्यांचं ऐकून मीही शेळ्या म्हणायचो. आज माझ्या गोठ्याबाहेर रस्त्याला पाटी आहे, ‘अस्सल गावठी तूप मिळेल’. आरे-वारेच्या किनाऱ्यावरून फिरून येणारे लोक गाडी थांबवतात, बरणीचं झाकण उघडून वास घेतात आणि डोळे मिटून “आहाहा, लहानपण आठवलं” म्हणतात. ते तूप आत उभ्या असलेल्या संकरित गायींचं असतं. त्यांना ते कळत नाही म्हणून मला त्यांचा तिटकारा येतो, आणि पैसे मोजून घेताना स्वतःचा त्याहून जास्त.

आण्णा रत्नागिरीत एका कचेरीत कारकून होते. सकाळच्या एसटीने जात, संध्याकाळी परत येत, आणि गावच्या वेशीत पाय ठेवताच कारकुनाचे मानकरी होत. आमचं घर गावचं मानाचं. शिमग्याला पालखी पहिली आमच्या दारात थांबे, देवळातला पहिला नारळ आमचा, लग्नातला पहिला विडा आमचा. कचेरीत ज्यांना कोणी बसायला खुर्ची सरकवत नसे, ते गावात मात्र कोण आधी बसला आणि कोण नंतर बसला याचा हिशेब ठेवत. खालच्या वाडीचा बाळूकाका हा त्यांचा जन्माचा प्रतिस्पर्धी. दोघांच्या पणजोबांमध्ये कधीतरी पालखीच्या थांब्यावरून मारामारी झाली होती, आणि त्यानंतर त्या दोन घरांनी एकमेकांना द्वेषाखेरीज काही दिलं नव्हतं. लहानपणी मला हे सगळं फार थोर वाटायचं. आता वाटतं, दोन रिकामी माणसं एका रिकाम्या गोष्टीवर बसून होती, आणि आम्ही मुलं खाली उभे राहून टाळ्या वाजवत होतो.

गावात दूध संस्था निघाली तेव्हा आण्णा चेअरमन झाले, आणि त्यांच्या डोक्यात सुधारित जातीच्या वळूने ठाण मांडलं. गोठवलेलं वीर्य नायट्रोजनच्या टाकीतून तालुक्यापर्यंत येई, पण आमच्या गावच्या घाटीतून ती टाकी वर येईपर्यंत कधी नायट्रोजन उडून जाई, तर कधी ती आणणारा माणूसच यायचा नाही. म्हणून जिता वळूच आणायचा ठरला. तो आला भर दुपारी, टेम्पोतून, घाटावरून. काळा-पांढरा, होलस्टीन, छातीत एवढा रुंद की टेम्पोचं फळकूट काढल्यावर आधी त्याची छातीच दिसली आणि मागाहून तो. गाव जमलं होतं. एक म्हातारा पुढे झाला, त्याने वळूच्या पायांपासून शिंगांपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “ह्यो बैल हाय का बँकेचा मॅनेजर?” तेव्हापासून त्याचं नाव साहेब पडलं. कागदावर त्याला काहीतरी आकडेवजा नाव होतं, ते आण्णांशिवाय कोणी उच्चारलं नाही.

साहेब आमच्याकडे राहिला, कारण चेअरमनच्या घरी राहणं हाही मानच. त्याच्यासाठी गोठ्याला नवी कौलं चढली. घरात एकच टेबलफॅन होता, तो पडवीतून उचलून साहेबासमोर फळीवर ठेवला गेला. दिवसभर त्या फॅनची कुरकुर आणि साहेबाच्या श्वासाचा फुसफुसाट ऐकू यायचा. त्याला रोज शेंगदाण्याची पेंड, गूळ, मक्याचा भरडा आणि अंडी लागत. आमच्या कोंबड्यांची अंडी, आण्णांच्या मते गावठी, म्हणून आमच्या घरात त्यांना काही किंमत नव्हती. साहेबाच्या पोटात गेल्यावर मात्र तीच पौष्टिक झाली. आम्ही कुळथाची पिठी आणि भात खायचो, सोबत भाजलेला बांगडा असला तर तो सणासारखा. आई चुलीपाशी बसून म्हणे, “आधी साहेबाचं होऊ दे, मग आपलं बघू. आपण काय, घरातलीच.” हे ती हसत म्हणे. त्या हसण्यात काय होतं ते समजण्याइतकी अक्कल मला नव्हती. मी बारावीत नापास होऊन घरी बसलो होतो आणि साहेबाची देखभाल माझ्याकडे आली होती. गावातली पोरं मला ‘साहेबाचा शिपाई’ म्हणत आणि मी चिडायच्या ऐवजी छाती पुढे काढून चालायचो. त्याला रस्त्याने पाण्यावर नेताना बायका बाजूला होत, ते मला माझ्यासाठी वाटायचं.

आमच्या गोठ्यात तेव्हा बैलांची एक जोडी होती, एक म्हातारी भाकड गाय आणि तांबू नावाची पाडी, म्हणजे अजून एकदाही न व्यालेली कालवड. तांबूची आई आईच्या माहेराहून आलेली गाय. ती साप चावून गेली तेव्हा तांबू चार दिवसांची होती. आईने तिला बाटलीने पेज पाजून वाढवलं. उन्हाळ्यात ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येऊन उंबऱ्यावर हनुवटी ठेवायची आणि आई भाकरी थापता थापता तिच्याशी बोलायची. आण्णांशी ती दिवसभरात जेवढं बोलत असेल त्याच्या दुप्पट त्या पाडीशी. तांबू माझ्या कमरेएवढी उंच होती. साहेबाच्या पोटाखालून ती मान न वाकवता निघून गेली असती.

वळू तपासायला तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. ते सांगलीकडचे. त्यांनी संस्थेच्या मंडळींना पडवीत बसवून सांगितलं, “हे बघा, जनावर मोठंय. तुमच्या गाई बारीक. तीन-चार वेतं झालेल्या, कंबरेनं रुंद अशा गाई आधी आणा. पयल्या वेताच्या पाडीला ह्याच्याजवळ आणायचं न्हाई. वासरू अडकतंय, मग गाय बी जाती आन वासरू बी.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मग बाळूकाका म्हणाला, “माझी हाय तशी गाय. चार वेतं झालीत. पुढच्या पाळीला आणतो.” आणि आण्णांच्या हातातला चहाचा कप बशीवर खाडकन आपटला.

गावात जे काही पहिलं होतं ते आमच्या घरापासून सुरू होई, मग वळूची पहिली गाय खालच्या वाडीची कशी? आण्णांनी हा प्रश्न इतक्या गंभीरपणे विचारला की डॉक्टर हसायचेसुद्धा विसरले. “आण्णासाहेब, हा काय नारळ हाय का फोडायला?” एवढंच ते म्हणाले. “तुम्हाला घाटावर हे कळायचं नाही,” आण्णा म्हणाले. आमच्या घरात गाभण राहू शकेल असं एकच जनावर होतं. त्या रात्री आईला जेव्हा हे समजलं, तेव्हा तिने भात वाढायचा डाव भांड्यात ठेवला. “अहो, ती एवढीशी आहे. डॉक्टर नको म्हणाले ना?” आण्णा म्हणाले, “डॉक्टर पगार घेतात, सांगणं त्यांचं काम. गाव माझ्याकडे बघतंय.” आई म्हणाली, “गाव बघतंय, पण व्यायचं तिला आहे.” आण्णांनी तिच्याकडे बघितलंदेखील नाही. मी बघितलं, आणि मला आईची लाज वाटली. घरचा मान जातोय आणि ही पाडीचं रडगाणं गातेय, असं मला मनापासून वाटलं. हे मी लिहितो आहे ते कोणी मला माफ करावं म्हणून नाही. माफ करण्यासारखं त्यात काही नाही, आणि माफ करू शकणारं माणूसही आता उरलेलं नाही.

पहिल्या गायीचा निवाडा करायला देवळात बैठक बसायची होती. तिच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाली, “चल माझ्याबरोबर, खालच्या वाडीत जायचंय.” पदराखाली नव्या भाताच्या पोह्यांची पुरचुंडी होती. आमच्या घरातली बाई बाळूकाकाच्या घराची पायरी त्याआधी कधी चढली नव्हती. बाळूकाका पडवीत जाळं विणत बसला होता. तो उठलाच एकदम. “वैनी? कोण गेलं काय?”

“कोणी नाही गेलं. बसा.” आई उभीच राहिली. “उद्या देवळात तुम्ही पहिला मान सोडू नका. भांडा. कितीही बोलले तरी सोडू नका. तुमची गाय पहिली जाऊ दे.”

बाळूकाका तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. “आण्णांनी पाठवलं तुमाला?”

“त्यांना माहीत नाही. माझी पाडी मरेल भावजी. तुम्हाला मान मिळेल, मला पाडी मिळेल. घ्या की.”

“वैनी, तुमी म्हणताव तर उद्या देऊळ डोक्यावर घेतो,” बाळूकाका म्हणाला. त्याच्या डोळ्यांत तेव्हा खरंच काहीतरी हललं होतं. निदान मला तसं वाटलं. परतताना आई हलकी होऊन चालत होती, आणि मी तिच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून, कोणी बघू नये अशा बेताने.

दुसऱ्या दिवशी बाळूकाकाने देऊळ डोक्यावर घेतलं हे खरं. “गाय माझी लायक, मान माझा,” म्हणून तो खांबावर हात आपटत होता. “तुमची ती पाडी म्हंजे मांजर हाय मांजर! साहेब तिच्यावर बसला तर सापडायची नाय.” लोक हसले. आण्णांचा चेहरा काळवंडला. बरंच बोलणं झालं, पानसुपारी फिरली, आणि मग कोणीतरी तोडगा काढला. वळूची पहिली गाय मानकऱ्याची राहू दे, आणि बदल्यात यंदा शिमग्याला पालखी पहिली खालच्या वाडीत थांबू दे. पणजोबांपासून ज्यावरून डोकी फुटली ते आण्णांनी एका कालवडीसाठी सोडलं, असं गाव म्हणत राहिलं. मला विचाराल तर त्यांनी कालवडीसाठी काही सोडलं नव्हतं. डॉक्टरांनी आणि बाळूकाकाने मिळून त्यांना हिणवलं होतं, त्याची ती किंमत होती. मग बाळूकाकाने आईला दिलेल्या शब्दाची, पोह्यांची, सगळ्याची घडी घातली आणि म्हणाला, “पालखी पहिली? मंग माझं काय म्हणणं नाय.” गुरव पुढे झाला आणि त्याने गाऱ्हाणं घातलं.

“हे आई माउली, चारी वाड्यांच्या मालकिणी, तुझ्या लेकरांनी ह्यो जो काय नवा वळू घाटावरनं आणलाय…”

“व्हय म्हाराजा!”

“त्याला गावचं पाणी मानवू दे, कोणाची नजर लागू देऊ नको…”

“व्हय म्हाराजा!”

“आणि मानकऱ्याच्या घरची पहिली पाडी भरू दे, दुधाचं हंडं वाहू दे…”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यात मोठा आवाज माझा होता. आजूबाजूच्या लोकांनी वळून बघितलं, इतका मोठा.

त्यानंतर सगळं गाव तांबूच्या माजाची वाट पाहू लागलं. ती माजावर येऊन साहेबाकडे जाईपर्यंत दुसरी गाय न्यायची नाही, असं ठरलं होतं. बाळूकाकाची लायक गाय आपल्या पाळीला हंबरून हंबरून थकली आणि तशीच राहिली. आणि एके सकाळी मी दात घासत असताना पाहिलं, आई रेडिओ मोठ्याने लावून परसात उखळात काहीतरी कांडत होती. कांडण्यासारखं घरात काही नव्हतं. तांबू माजावर येऊन हंबरत होती आणि तिला आईने गोठ्यातून काढून मागच्या फणसाखाली, गवताच्या उडव्याच्या आड बांधलं होतं. दिवसभर निभावलं असतं तर पुढची पाळी येईपर्यंत तिला तीन आठवडे मिळाले असते. पण वारा साहेबाकडे वाहत होता. त्याने नाक वर केलं, ओठ मुडपले, आणि असा डुरकला की फळीवरचा फॅन खाली पडला. आण्णा एसटीला निघालेले, ते पायरीवरून परत फिरले. आईने मुसळ ठेवलं.

आता माझ्या गायींच्या गळ्यात पट्टे आहेत. गाय किती चालली, किती रवंथ केलं, अंग किती तापलं, ते सगळं त्या पट्ट्यातून माझ्या मोबाइलवर येतं. गाय माजावर आली की फोन टिंगटिंगतो. मी मिरकरवाड्यात मासळी घेत असलो तरी मला कळतं. पट्टे विकणाऱ्या कंपनीचा तरुण मला परवा म्हणाला, “सर, आता गाय काही लपवू शकत नाही.” तो हे कौतुकाने म्हणत होता. मी त्याला चहा पाजला. तो हुशार मुलगा आहे, आकडे उत्तम सांगतो. त्याने कोणाला काही लपवायला धडपडताना बघितलेलं नाही, एवढाच त्याचा दोष, आणि तेवढ्यासाठी मी मनातून त्याला तुच्छ लेखलं. ही खोड मला वडिलांकडून आली.

त्या दिवशी अंगणात नारळ फुटला, गुलाल उडाला. डॉक्टरांनी सुतारांकडून करून घेतलेला लाकडी खोडा होता, त्यात पाडी उभी करायची म्हणजे वळूचा भार लाकडावर येतो. तांबू त्यात अशी दिसत होती, जसं मोठ्या माणसाच्या खुर्चीत पोर बसावं. दावं माझ्या हातात होतं. डॉक्टरांना निरोप गेला होता. ते आले, त्यांनी पाहिलं, “मी नको म्हणालो होतो, ध्येनात ठेवा,” म्हणाले आणि आमच्याकडे कोंबडीचं जेवण जेवून गेले. त्यांचा मला सगळ्यात जास्त राग यायला हवा, पण राग येण्याएवढा तो माणूस मोठा नव्हता.

तांबू गाभण राहिली, आणि मागाहून बाळूकाकाची गायही. पुढचे महिने घरात एक विचित्र झगडा चालला. आई तिला नुसतं गवत घालायची, वासरू फार वाढू नये म्हणून. आण्णा संध्याकाळी येऊन पेंड, गूळ आणि साहेबाच्या वाटणीची अंडी तिच्या पुढ्यात ओतायचे. “वासरू साहेबासारखं झालं पाहिजे. बाळूच्या गायीचं वासरू बघायला लोक जाता कामा नयेत.” आई रात्री ती पेंड काढून घ्यायला जायची तर तांबूने ती चाटूनपुसून खाल्लेली असायची. बिचारीला कधी नाही ते एवढं खायला मिळत होतं. पावसाळ्यात तिचं पोट दोन्ही बाजूंनी टोपलीसारखं झालं आणि मागच्या दारात येऊन उंबऱ्यावर हनुवटी ठेवायला तिला खाली वाकता येईना. शिमग्याची पालखी तोवर खालच्या वाडीत पहिली थांबून गेली होती. बाळूकाकाने त्या दिवशी फटाके लावले होते. आम्ही दारात रांगोळी घालून बसलो होतो आणि पालखी दुपारी आली.

ती व्यायला लागली ती गणपतीत, सकाळी. घरात मुंबईहून आलेले काका-मामा, आरतीची गडबड, मोदकांच्या सारणाचा वास. आण्णांनी आनंदाने सगळ्यांना गोठ्यापाशी बोलावलं. “बघा, कोकणातलं पहिलं होलस्टीन वासरू कसं येतं ते बघा!” ते पहिलं असल्याचंही त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आधी दोन खूर दिसले, एवढे मोठे की मुंबईचा एक काका म्हणाला, “अरे, हे तर पायात बूट घालून येतंय!” हशा झाला. मग खूर तिथेच राहिले. तांबू कण्हायची, थांबायची, पुन्हा कण्हायची. दुपार झाली. डॉक्टरांकडे माणूस पाठवला, ते सणाला गावी गेले होते. मग काकांनी वासराच्या पायांना सुंभ बांधलं आणि रस्सीखेच खेळावी तसे चौघे ओढू लागले. कोणीतरी “गणपती बाप्पा” म्हटलं आणि बाकीच्यांनी सवयीने “मोरया” म्हटलं. आई तांबूच्या डोक्यापाशी बसली होती. तिने मान वर केली, सगळ्यांकडे एकदा बघितलं. पुन्हा कोणी मोरया म्हटलं नाही.

वासरू निघालं ते मेलेलं. पाडा होता, काळा-पांढरा, साहेबाचं चित्र काढावं तसा. तांबूचे मागचे पाय गेले. ती उठायला बघायची, पुढचे पाय टेकायची आणि मागचं अंग ओल्या पोत्यासारखं खाली राहायचं. आण्णा दारात उभे होते. त्यांच्या कपाळाला अजून आरतीचं गंध होतं. सगळे काहीतरी ऐकायच्या अपेक्षेने त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, “बाळूची गाय अजून व्यायली नाही ना?”

मी आयुष्यात खूप लोकांचा तिरस्कार केला आहे. तो बहुतेक वेळा आळशी आणि फुकटचा होता. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते खरं होतं. ते वाक्य मला चुकीचं वाटायच्या आधी मी मनात उत्तर शोधलं होतं: नाही, अजून नाही व्यायली. म्हणून तो तिरस्कार एकट्या आण्णांचा नव्हता.

तांबू चार दिवस पडून होती. आई तिला हाताने पाणी पाजायची, कुशी बदलायची, अंगाला राख लावायची. डॉक्टर परतले, इंजेक्शन दिलं, मान हलवली. गौरी-गणपती विसर्जन होऊन पाहुणे परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. साहेबही पुढे फार दिवस राहिला नाही. दोन गायी अडल्यावर गावाने आपापल्या गायी लपवायला सुरुवात केली, आणि संस्थेने त्याला आला त्याच टेम्पोने घाटावर परत धाडलं.

तांबूला पुरायला आंब्याच्या बागेतली जागा ठरली. वर वीतभर माती आणि खाली जांभा दगड. दोन्ही वाड्यांतले गडी टिकाव, पहारी घेऊन आले, बाळूकाकाही आला. आले आणि उभे राहिले. इतक्या वर्षांच्या सवयीने ते मानकऱ्याने पहिला घाव घालायची वाट बघत होते, गायीच्या खड्ड्यासाठीसुद्धा. आण्णांना ते कळलं नाही की कळून ते खाली बघत होते, मला माहीत नाही. आई पुढे आली. तिने एका गड्याच्या हातातला टिकाव घेतला आणि आण्णांपुढे धरला.

“घ्या. पहिला मान तुमचा.”

आण्णांनी टिकाव घेतला. शर्टाच्या बाह्या वर केल्या, घाव घातला. मातीचं ढेकूळ उडालं. रीत झाली म्हणून ते टिकाव परत द्यायला वळले आणि गडी पुढे सरकले.

“कोणी हात लावायचा नाही,” आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “मान अर्धा ठेवू नये. पुरा करा.”

बाळूकाका पहार घेऊन पुढे झाला. “वैनी, खाली जांभा हाय. कारकुनाचं काम नाय ते. मी हाय ना.”

“तुम्हाला तुमचा मान मिळाला ना भावजी? पालखी थांबली ना दारात?”

बाळूकाकाने पहार खाली ठेवली आणि तो मागे जाऊन लोकांत उभा राहिला. आण्णांनी पुन्हा टिकाव उचलला. माती संपली, जांभा लागला, लोखंड दगडावर वाजायला लागलं. त्यांच्या हाताला फोड आले, फुटले, टिकावाचा दांडा लालसर ओला दिसू लागला. मला ते बघवेना. मी उपसलेला दगड बाजूला काढावा म्हणून घमेलं उचललं आणि खड्ड्याकडे पाऊल टाकलं.

“तू राहू दे,” आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. “तुझी पाळी यायची आहे.”

घमेलं हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो. आण्णा गुडघाभर खड्ड्यात उतरले होते. त्यांनी एकदा वर आईकडे बघितलं. तिने खड्डा किती खोल झालाय ते बघितलं आणि म्हणाली, “अजून.”